कुरळ्या केसांची निगा आणि आपली नातवंडं

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा हा लेखी पाठ. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



भाषणाचा विषय काय, असं कार्यवाहांनी फोनवर विचारलं तेव्हा आम्ही म्हटलं, "मिश्रवंशीय मुलांच्या कुरळ्या केसांची निगा." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "अहो, गेल्या महिन्यात मधुमेहावर झालं, त्याच्या आधी मृत्युपत्रावर झालं. हा विषय किती घरांचा?" आम्ही म्हटलं, मोजून बघू. त्यांनी आणि आम्ही मिळून मंडळाच्या यादीवरून बोट फिरवलं. ज्यांच्या मुलाने, मुलीने, पुतण्याने किंवा भाचीने परदेशात आफ्रिकी किंवा कॅरिबियन वंशाच्या जोडीदाराशी लग्न केलं आहे आणि ज्यांना त्यातून नातवंडं आहेत, अशी पाच घरं निघाली. म्हणून आज इथे उभे आहोत.

बोलणार एकच तोंड आहे, पण अनुभव दोघांचा, म्हणून "आम्ही" म्हणतो आहोत. आमच्यापैकी एकजण डिप्लोमा करून राज्य सरकारच्या दवाखान्यात औषधनिर्माता म्हणून लागलेला. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायची त्याला सवय आहे. दुसरीचा हात वेणीफणीला हलका आहे. तेवढंच आमचं भांडवल.

आमची धाकटी बहीण शिकायला म्हणून इंग्लंडला गेली आणि तिथेच राहिली. तिचे यजमान बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले. त्यांचे आईवडील जमैकाचे. १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' नावाच्या बोटीतून कॅरिबियन बेटांवरची माणसं इंग्लंडला उतरली आणि पुढची वीसेक वर्षं तो ओघ चालू राहिला. त्याच ओघातलं हे कुटुंब. भाची आता नऊ वर्षांची, भाचा पाच वर्षांचा. तिकडच्या शाळांना जुलैअखेर सुट्टी लागते, तेव्हा ती दोघं दरवर्षी महिनाभर आमच्याकडे हैदराबादला असतात. आईबाप आठवडाभर राहून कामावर परत जातात आणि दोन डोकी आमच्या ताब्यात येतात. डोकी म्हणजे अक्षरशः डोकी.

आधी शब्दाचं बोलू. इंग्लंडमध्ये २००१ च्या जनगणनेत पहिल्यांदा 'मिश्र' असा रकाना आला. अमेरिकेत २००० च्या जनगणनेपासून एकाहून जास्त वंशांवर खूण करायची मुभा मिळाली. म्हणजे या मुलांना सरकारी कागदावर जागा मिळूनही फार दिवस झालेले नाहीत. आपल्याकडे मात्र पटकन तोंडात येतं, "संकरित का हो?" तो शब्द ज्वारीच्या बियाण्याला आणि गाईला ठीक आहे. मुलांच्या कानावर तो पडू नये, आणि त्यांना मराठी कळत नाही असं समजून तर मुळीच पडू नये. त्यांना चांगलं कळतं. आम्ही "मिश्रवंशीय" म्हणतो, तेही विषय निघाला तरच. एरवी ती आमची भाचरं.

आता केसांकडे येऊ. आपल्यातल्या बहुतेकांचा केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तो गोल किंवा थोडासा लांबट गोल दिसतो. आफ्रिकी वंशाच्या माणसाचा केस चपटा, लंबगोल असतो आणि त्वचेखालचं त्याचं मूळ वळलेलं असतं. मूळच वळलेलं, म्हणून केस वळत वळत बाहेर येतो. या एका गोष्टीतून पुढचं सगळं निघतं.

आपल्या टाळूतून जे तेल स्रवतं ते सरळ केसावरून खाली घरंगळतं. स्प्रिंगसारख्या केसावर ते प्रत्येक वळणाशी अडतं आणि टोकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे मुळाशी तेल आणि टोकाशी कोरडेपणा, हे या केसांचं कायमचं दुखणं. दुसरं, प्रत्येक वळण हा केसातला कमजोर बिंदू असतो. हिसका बसला की तिथे तुटतो. तिसरं, वाळल्यावर केस आखडतो. भाचीचे केस ओले असताना पाठीवर येतात, वाळले की खांद्याच्या वर. आमची आई दरवर्षी विचारते, "हिचे केस वाढत का नाहीत गं?" वाढतात. कोणाही माणसासारखे, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. फक्त ते वळणात लपतात, आणि निगा चुकली तर जेवढे वाढतात तेवढेच खाली तुटतात.

मिश्रवंशीय मुलांचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. आईकडचे आणि बापाकडचे गुण एका डोक्यावर सारखे मिसळत नाहीत. भाचीच्या कपाळावरचे केस नुसते लहरी, मधले बाटलीच्या बुचात फिरवायच्या स्क्रूसारखे, आणि मानेजवळचे अगदी बारीक, पेन्सिलीच्या शिशाएवढ्या वेटोळ्यांचे. भाच्याचे सगळेच बारीक वेटोळ्यांचे. सख्खी भावंडं, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू नाही. म्हणून "कुरळ्या केसांचा शाम्पू" अशी पाटी बघून भुलू नये. मूल बघावं आणि त्यातही डोक्याचा कोणता भाग ते बघावं.

आणि जावळ? ते आताच सांगून टाकतो, कारण प्रश्न येणारच आहे. "जावळ नीट उतरवलं असतं तर केस सरळ आले असते," असं आम्हाला निदान दहाजणांनी सांगितलं आहे. जावळ हा संस्कार आहे, हौसेने करावा. पण केसाचा आकार त्वचेखालच्या मुळात ठरतो. वस्तरा फिरतो तो त्वचेच्या वर. शंभर वेळा गोटा केला तरी मूळ तेच राहतं. ही मुलं जन्मतात तेव्हा पुष्कळदा मऊ, जवळजवळ सरळ जावळ असतं, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत खरे केस उगवून कुरळे होतात. ते कोणाच्या हयगयीने झालेलं नसतं.

आता रोजचं काम. आपल्याकडे केसांची रीत ठरलेली आहे: रात्री तेल थापायचं, सकाळी रगडून न्हायचं, पंचाने खसाखसा पुसायचं आणि बारीक दातांच्या फणीने विंचरायचं. या रीतीतली प्रत्येक पायरी सरळ केसांसाठी घडलेली आहे. कुरळ्या केसांना क्रम उलटा लागतो. आमच्याकडे तो असा चालतो.

न्हाणं आठवड्यातून एकदा. रोज नाही, एक दिवसाआडही नाही. मधल्या दिवसांत घाम आला तर नुसत्या कोमट पाण्याने टाळू धुवायची. न्हायच्या आधी अर्धा तास खोबरेल लावायचं. खोबरेलाबद्दल मुद्दाम सांगतो, कारण ते आपलं घरचं आहे. २००३ साली मुंबईतल्या एका कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याने केसातली प्रथिनं निघून जातात, ती गळती फक्त खोबरेलाने कमी झाली, कारण त्याचे रेणू केसाच्या आत शिरतात. बाकीची दोन वरवर राहिली. तेव्हा न्हायच्या आधीचं तेल हे आजीचं शास्त्र बरोबर आहे.

शाम्पू कमी आणि सौम्य. बाटलीच्या मागे 'सोडियम लॉरिल सल्फेट' पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर ती बाटली आम्ही ठेवून देतो. भांड्यांचा ओशटपणा काढणाऱ्या साबणाच्या जातीचंच ते आहे. शाम्पू टाळूला, बोटांच्या पेरांनी. केसांच्या लांबीवरून फेस ओघळतो तेवढा पुरे. केस डोक्यावर गोळा करून चोळायचे नाहीत, त्याने गुंता होतो. अंगाचा साबण तर नकोच, तो क्षारधर्मी असतो आणि केसाची खवली उघडी पाडतो. शिकेकाई चालते का? चालते, पण उकळून, फडक्यातून दोनदा गाळून. कोरडी पूड या केसांत अडकली की आठवडाभर भुसा निघत राहतो. रिठा आम्ही वापरत नाही. फार कोरडं करतो आणि डोळ्यांत गेला तर मूल पुढच्या रविवारी न्हाणीघरात येत नाही.

त्यानंतर कंडिशनर, आणि हातचं न राखता. आपण करंगळीएवढं घेतो. इथे मूठभर लागतो. आणि विंचरायचं ते याच वेळी, केस ओले आणि कंडिशनरने निसरडे असताना. कोरड्या केसांत फणी कधीही घालायची नाही. डोक्याचे चार भाग करायचे, तीन चिमट्यांनी बांधून ठेवायचे, एकच सोडायचा. आधी बोटांनी मोठे गुंते सोडवायचे, मग रुंद दातांचा कंगवा, आणि सुरुवात टोकापासून. टोकाची दोन बोटं मोकळी झाली की थोडं वर, मग आणखी वर. मुळाशी कंगवा लावून खाली ओढला तर सगळे गुंते खाली एकाच ठिकाणी जमतात, केस तुटतो आणि मूल किंचाळतं. कंगव्याच्या वरच्या बाजूला केसांची बट मुठीत धरली तर हिसका टाळूपर्यंत जात नाही. भाचीच्या डोक्याला चाळीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात आम्ही तिला बिरबलाच्या गोष्टी सांगतो. आता त्या तिला पाठ झाल्या आहेत.

पुसायला टर्किश टॉवेल नको. त्याचे धागे केसात अडकतात. जुना सुती बनियन किंवा मऊ पंचा घ्यायचा आणि दाबून पाणी टिपायचं, चोळायचं नाही. केस ओलसर असतानाच क्रीम आणि त्यावर दोन-चार थेंब तेल. इथे क्रम महत्त्वाचा: आधी पाणी, मग तेल. तेलाने ओल येत नाही, असलेली ओल टिकते. कोरड्या ठाक केसांवर तेल ओतलं तर ते चिकट होतात, आत मात्र कोरडेच. सकाळी फवाऱ्याच्या बाटलीतून थोडं पाणी मारलं की वेटोळी पुन्हा जागी होतात.

रात्री सुती अभ्रा केसातली ओल शोषून घेतो आणि घासतो. तिकडे साटिनची टोपी घालतात. आम्ही आईच्या विरलेल्या रेशमी साडीचे दोन अभ्रे शिवले. ती साडी कपाटात वीस वर्षं नुसती घडीवर पडली होती.

हैदराबादचं एक वेगळं दुखणं म्हणजे बोअरचं पाणी. जड पाण्यातला चुना केसावर बसतो आणि केस काथ्यासारखे होतात. शेवटचा तांब्या आम्ही पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचा घालतो. एक तांब्या जास्त खर्च होतो, पण फरक हाताला लागतो.

आता आजींकडे येऊ, कारण या घरात दोन आज्या आहेत. एक आमची आई, मुक्काम काचीगुडा. दुसरी मुलांची ग्रॅनी, मुक्काम बर्मिंगहॅम. दोघींची भाषा एक नाही, पण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघी समोरासमोर बसतात आणि मध्ये भाची दुभाषी. पहिल्या वर्षी आईने विचारलं, "तुम्ही काय लावता?" ग्रॅनीने काळपट तेलाची बाटली दाखवली. जमैकात एरंडीच्या बिया भाजून, कुटून, उकळून जे तेल काढतात ते. आई म्हणाली, "अगं, हे एरंडेल!" आपल्या पालमूरकडे एरंडीची शेतं आहेतच, आणि गावाकडे तेल काढायची रीतही भाजून, कुटून, उकळूनच. ग्रॅनीला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की फोन हातातून पडला. जमैकात १८४५ पासून हिंदुस्थानातले गिरमिटिया मजूर उसाच्या मळ्यांवर नेले गेले. मटणाची 'करी' तिथे घरोघरी होते. ओळख जुनीच होती, आपण ती विसरलो होतो इतकंच. एरंडेलाबद्दल औषधनिर्मात्याचा शब्द एवढाच: त्याने केस उगवतात असं छातीठोक सांगता येत नाही, पण दाट असल्याने टोकांची ओल ते चांगली धरून ठेवतं.

तिकडे बाजारात केस बसवायचं जेल महाग मिळतं. ग्रॅनी ते घरी करते, आणि कशाचं? जवसाचं. आपण ज्याची चटणी करतो तेच. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर सात-आठ मिनिटं. अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकटपणा आला की गरम असतानाच गाळून घ्यायचं. गार झाल्यावर गाळायला गेलात तर गाळणं आणि हात दोन्ही अडकतील. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. आईने यात भर घातली ती जास्वंदीच्या पानांची: पानं पाण्यात कुसकरली की जो बुळबुळीत रस सुटतो त्याने गुंता झटकन सुटतो. गणपतीत फुलं बाप्पाला जातात. पानं आम्ही रविवारसाठी ठेवतो.

केस बांधण्याविषयी. रोज मोकळे सोडले तर रोज गुंता, म्हणून बांधून ठेवणं हीच निगा. दोन पेडांचा पीळ सगळ्यात सोपा. तीन पेडांची वेणी आपल्याला येतेच. डोक्याला चिकटून बारीक वेण्यांच्या ओळी घालतात, त्यांना अमेरिकेत मक्याच्या ओळींवरून नाव आहे आणि कॅरिबियनमध्ये उसाच्या ओळींवरून. ज्याने उसाच्या सऱ्या पाहिल्या आहेत त्याला ते नाव लगेच पटेल. ही कला आफ्रिकेतून आलेली आहे, पिढ्यान् पिढ्यांची आहे. आमच्या सौभाग्यवतीने ती ग्रॅनीकडून कॉलवर शिकली. दोन उन्हाळे लागले.

एकच इशारा: घट्ट नको. आपल्याकडे "घट्ट वेणी म्हणजे नीटनेटकी मुलगी" असं मानतात. कपाळ ताणलं गेलं, मुळाशी बारीक पुळ्या आल्या, मूल डोकं धरून बसलं, तर वेणी सोडायची. वर्षानुवर्षं ताण बसला तर कपाळाच्या कडेचे केस कायमचे जातात. आपल्यातल्या घट्ट अंबाडा बांधणाऱ्या बायकांनाही हे लागू आहे.

मानेपर्यंत लोंबणाऱ्या जाड बटा, ज्यांना 'लॉक्स' म्हणतात, त्या पाहून आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी दचकतात. त्यांच्या डोळ्यांपुढे जट येते. आपल्या भागात बाईच्या केसांत जट झाली की देवीचं बोलावणं समजून ती वाढू द्यायची आणि बाईचं आयुष्य त्यात अडकवायचं, हे आपण पाहिलं आहे. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनवाले समजूत घालून त्या कापतात ते चांगलंच करतात. पण लॉक्स वेगळे. ते भाग पाडून, धुऊन, वळून, आवडीने राखलेले असतात. मुलांच्या बापाचे तसे आहेत. जावई पहिल्यांदा आले तेव्हा आईने एक दिवस पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "रोज किती वेळ लागतो हो जावईबापू?" विषय संपला.

आजारपणाचे तीन मुद्दे. "इतक्या केसांत उवा फार होत असतील" असा समज आहे. उवेचे पंजे गोल केस पकडायला सोयीचे असतात. चपट्या वेटोळ्या केसांत उवा त्यामानाने कमी आढळतात. झाल्याच तर रॉकेल लावू नका. पर्मेथ्रिनचं एक टक्क्याचं लोशन मिळतं. डॉक्टरांना विचारून वापरा आणि त्या न्हाण्याला आधी कंडिशनर लावू नका, औषधाचा गुण कमी होतो. दुसरं, टाळूवर कोंड्यासारखे पापुद्रे आणि त्याच जागी केस तुटून चट्टा दिसला तर ते बुरशीचं गजकर्ण असू शकतं. टाळूचं गजकर्ण नुसत्या मलमाने जात नाही, काही आठवडे पोटात औषध लागतं. तेल चोळत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. तिसरं, भाच्यासारख्या मुलांना न्हाव्याकडे नेताना सांगा की केस विरळ करायची कात्री नको; तिने वेटोळी मोडतात आणि केस पिंजून निघतात. "मुलगा आहे, बारीक कापून टाका" हा सल्ला आम्हाला मिळतो. त्याला केस आवडतात. आवडतात तोवर राहतील.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला ती सांगतो. गेल्या वर्षी भाची गणेशोत्सवातल्या मुलींच्या नाचात होती. नऊवारी, नथ, अंबाडा, सगळ्या एकसारख्या. तालमीच्या तिसऱ्या दिवशी ती घरी आली आणि मामीला म्हणाली, "माझे केस सरळ करून दे. कायमचे." आम्ही विचारलं, कोण काय म्हणालं? कोणी "मॅगी" म्हटलं होतं. कोणी न विचारता केसांत हात घालून "बघू, स्पंज आहे का" केलं होतं. एका मोठ्या बाईंनी प्रेमानेच म्हटलं होतं, "चेहरा किती गोड आहे, केस तेवढे नीट असते तर." यातलं कोणीच दुष्ट नव्हतं. सगळे आपलेच होते.

जवळच्या पार्लरने 'स्मूदनिंग' करून देतो म्हणून सांगितलं. आम्ही बाटली मागून मागचं अक्षर वाचलं. केस कायमचा सरळ करायचा म्हणजे केसातले गंधकाचे बंध तोडावे लागतात. त्यासाठी काही औषधांत दाहक अल्कली असते, काहींत थायोग्लायकोलेट असतं, आणि 'केराटिन' म्हणून जे चालतं त्यातल्या काहींत तापवल्यावर फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. नऊ वर्षांच्या मुलीची टाळू त्याने भाजू शकते. आणि मूळ तेच असल्याने दोन महिन्यांत खालून पुन्हा कुरळे येणार, मग पुन्हा तेच औषध. आम्ही तिला हे सगळं जसंच्या तसं समजावलं, आणि सांगितलं की मोठी झाल्यावर तिला करायचं असेल तर तो तिचा निर्णय.

पण नुसतं "नाही" म्हणून भागत नाही. मुलीला विचारायचं असतं ते केसांबद्दल नसतं, "मी तुमच्यातली आहे का?" हे असतं. त्या रात्री ग्रॅनीने कॉलवर तिला मॅडम सी. जे. वॉकर यांची गोष्ट सांगितली. १८६७ मध्ये अमेरिकेत गुलामीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेली ही बाई, धुणी धुऊन पोट भरायची. तिने काळ्या बायकांच्या केसांसाठी मलमं बनवली, हजारो बायकांना तो धंदा शिकवला आणि १९१९ मध्ये गेली तेव्हा अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत काळ्या स्त्रियांत तिची गणना होती. नैसर्गिक केसांमुळे शाळेत किंवा नोकरीत डावलणं बेकायदा ठरवणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला आणि मग इतर राज्यांनीही केला. इंग्लंडमध्ये समानता व मानवी हक्क आयोगाने २०२२ मध्ये शाळांना बजावलं की अशा केसांवरून मुलांना अडवू नका. १५ सप्टेंबर हा तिकडे २०१७ पासून 'जागतिक आफ्रो दिन' म्हणून पाळतात. बऱ्याच वर्षी तो आपल्या गणपतीच्या आगेमागेच येतो. म्हणजे जी गोष्ट आपल्याला घरगुती वाटते, तिच्यावर तिकडे विधिमंडळात मतदान झालं आहे.

आणि आम्ही तिला आपल्याकडचंही सांगितलं. मलिक अंबर हबसाणातून गुलाम म्हणून आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, त्याने वसवलं. आपल्या हैदराबादचं एसी गार्ड्स हे नाव निजामाच्या आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्सवरून आलं आहे. रविवारी तिला घेऊन आम्ही त्या रस्त्याने चक्कर मारली. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखे इथे आधीपासून आहेत." नीना गुप्ता आणि व्हिव्हियन रिचर्ड्स यांची मसाबा, अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या, मद्रासी आई आणि जमैकन वडील असलेल्या कमला हॅरिस, यांचे फोटोही तिने स्वतःच शोधून काढले.

नाचाच्या दिवशी मामीने तिचे केस दोन-दोन पेडांत पिळले, ते सगळे मागे गोळा करून खोपा बांधला आणि वर अबोली-मोगऱ्याचा गजरा माळला. आकडे कमी लागले, कारण केसच केसांना धरून ठेवतात. बाकीच्या मुलींच्या खोट्या अंबाड्यांपैकी दोन नाचताना सुटले. तिचा हलला नाही. पुढच्या आठवड्यात दोन मुलींच्या आया आमच्याकडे तो पीळ शिकायला आल्या.

मंडळींनो, आपण इथे हैदराबादेत पिढ्यान् पिढ्या आहोत. पुण्याला लग्नाला गेलो की "तुमचं मराठी जरा वेगळंच आहे" हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. "घरात जाके येतो" म्हटल्यावर हसणारे आपण पाहिले आहेत. आणि इथले लोक अजून विचारतात, "मूळचे तुम्ही कुठले?" दोन्हीकडचे असण्याची किंमत आपल्याला ठाऊक आहे, आणि त्यातली श्रीमंतीही. मग आपल्या मांडवात येणाऱ्या या मुलांना आपणच तो प्रश्न विचारू नये.

मंडळाला आमच्या चार विनंत्या आहेत. न विचारता कोणाच्याही मुलाच्या केसांना हात लावू नये. टोपणनावं ठेवू नयेत. मोठ्यांनी ठेवली तर लहान ती वर्षभर वापरतात. नाचाच्या वेशभूषेत "सरळ केसांचा अंबाडा" अशी अट नसावी, "केस बांधलेले असावेत" एवढी पुरे. आणि ज्या पाच घरी अशी नातवंडं येतात त्यांनी आपसांत नंबर घ्यावेत. रुंद दातांचे कंगवे, जवसाच्या जेलची कृती, बर्मिंगहॅमच्या ग्रॅनीचा वेळ, सगळं वाटून घेता येईल.

सभेनंतर बाहेरच्या खोलीत दोन पेडांचा पीळ कसा घालायचा ते आम्ही दाखवणार आहोत. भाची स्वतः बसायला तयार आहे. अट एकच घातली आहे तिने: ज्यांना शिकायचं आहे त्यांनी आधी हात धुऊन यावे, आणि आधी विचारावं.

गणपती बाप्पा मोरया!